घागरीची तिसरी ओळ

बुधवार, ५ फेब्रुवारी

महोत्सवाच्या जान्हवीचा आज चौथा फोन. "मॅम, दोन्ही टीम्सचं स्क्रिप्ट मिळेल का? आणि जज कोण आहेत?"

डबलबारीचं स्क्रिप्ट! हिला काय सांगू? म्हटलं, बाई गं, दोन मंडळं शेजारी शेजारी बसतात, दोन बुवा आळीपाळीने भजन म्हणतात, आणि शेवटी गजर आला की एकमेकींची सालटी काढतात. गाऊन, तालात. कोण जिंकलं ते लोक उठून जाताना आपसात ठरवतात, जज नसतो. ती म्हणाली, "पण बुवा म्हणजे जेन्ट्स ना?" म्हटलं, आमच्यात बाईलाही बुवाच म्हणतात. ती हसत सुटली. मग पुन्हा, "पण एक पानभर तरी लिहून द्या ना."

काय लिहून देणार? दहिसरची क्षमाबुवा आणि मुलुंडची अक्षताबुवा. आम्ही तिघी एकाच चाळीत वाढलो. अक्षता लग्न होऊन मुलुंडला गेली आणि तिथे तिने स्वतःचं मंडळ काढलं. तेव्हापासून स्टेजवर दोघी एकमेकींच्या वैरी आणि खाली उतरल्या की एका ताटात जेवणार. आणि मी? मी क्षमाच्या मागे बसून झांज वाजवते, कोरस करते. बुवाने ओळ म्हटली की तीच परत म्हणायची. सोळा वर्षं झाली. अक्षता म्हणते, "रश्मी, गळा तुझा बरा आहे गं, पण पहिली ओळ म्हणायची म्हटलं की तुझी फाटते." खरंच आहे ते.

शुक्रवार ते रविवार बोरिवलीच्या मैदानावर महोत्सव. कलाकार म्हणून तिघींना तिन्ही दिवसांचे पास. शाळेत शनिवारची रजा मागितली. हेडबाईंनी तोंड वाकडं करून दिली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

शाळेच्या ऑफिसातून थेट मैदानावर. क्षमा आधीच येऊन गेटवरच्या कागदी मोराबरोबर फोटो काढत होती. पहिल्याच दिवशी जरीची साडी! म्हणे, "कलाकाराचा पास आहे, कलाकारासारखं दिसायला नको?"

अक्षता मुलुंडहून बसने आली, दोन दिवस दहिसरला आईकडे राहणार आहे. गळ्याभोवती स्कार्फ, हातात गरम पाण्याची बाटली. क्षमाने लगेच सुरू केलं – "काय गो, आवाज गुंडाळून ठेवलास? परवा सुटायचा नाय हां!" अक्षता नुसती हसली. एरवी हिने एकाला चार परत केले असते.

जरा खटकलं मला. पण समोर कोथिंबीर वडीचा स्टॉल होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लिहायला बसलेय, पण कुठून सुरू करू ते कळत नाही. आधी मजेचं लिहिते.

सकाळी अकराला आत शिरलो ते चारपर्यंत पायाला थांबा नव्हता. चाकावर मडकं करायला मिळतं तिथे क्षमा बाह्या सरसावून बसली. मडकं पहिल्यांदा उंच झालं, मग पोट सुटलं, मग बसलं ते बसलंच. शिकवणारा म्हणाला, "मॅडम, प्लेट झाली." क्षमा म्हणाली, मी प्लेटच करत होते. तिथून नाचाला. सहा जण काळे कपडे घालून अर्धा तास जमिनीवर लोळले. क्षमाने माझ्या कानात विचारलं, "ह्यांना कोणी उठवणार आहे की नाही?" मला हसू आवरेना, बाजूची बाई रागाने बघत होती. मग प्लास्टिकच्या बाटल्यांचा मासा बघितला, ठसे उमटवले, हात निळे करून घेतले.

अर्कचित्र काढणाऱ्यापुढे तिघी एका बाकावर बसलो. त्याने विचारलं, काय करता? क्षमा म्हणाली, गातो. मग काय, त्याने अक्षताचं तोंड एवढं मोठं उघडं काढलं की आत टाळ मावेल. आम्ही दोघी लोटपोट. अक्षता त्याला म्हणाली, "दादा, तोंड बंद नाही का काढता येणार?" तो म्हणाला, बंद तोंडाची गायिका कशी काढू?

चित्र माझ्याकडे आहे. कपाटात पालथं ठेवलंय.

त्यानंतर क्षमा मोबाइल चार्ज करायला गेली आणि अक्षताने मला खरवसाच्या स्टॉलमागे ओढलं. आधी म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ घे." लहानपणी घ्यायचो तशी, दोन बोटांनी तिचा गळा धरून. मी धरला. स्कार्फच्या आत कातडी गरम लागत होती.

मग सांगितलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. गुरुवारी ऑपरेशन. गाठ साधी की दुसरं काही, ते काढल्यावर कळणार. डॉक्टर म्हणाले, गाऊ नका. हिने हातापाया पडून एक बारी मागून घेतली – खालच्या पट्टीत, थोडा वेळ, अजिबात जोर न लावता. नवरा सोडला तर कोणालाही माहीत नाही. तिच्या आईलाही नाही.

म्हटलं, मग क्षमाला सांग ना! तर म्हणाली, "तिला कळता कामा नये. मी खाली गायले की क्षमा आवाजावरून मला सोलणारच. सोलू दे. लोक हसतील, आणि हसण्यात माझी खालची पट्टी खपून जाईल. मी उत्तर करून ठेवलंय." वही काढून दाखवली –

उतरले मी खाली म्हणून हसू नको गं बाई
विहीर उतरल्यावाचून घागर भरत नाही
भरली घागर घेऊन बघ कशी मी वर येई

हळू आवाजात म्हणूनही दाखवलं. मला एकदा ऐकलं की पाठ होतं, तेवढं एकच मला येतं. तिन्ही ओळी तिच्यामागे म्हटल्या. ती म्हणाली, "झकास. आता विसर."

क्षमा परत आली. आम्ही खरवस खाल्ला.

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळ

सांगून टाकलं.

काल अक्षता लवकर आईकडे गेली, त्यामुळे परतताना रिक्षात क्षमा आणि मी दोघीच होतो. क्षमा रंगात आलेली, मांडीवर ताल धरून आजचा गजर म्हणून दाखवत होती – "मुलुंडची कोकिळा, आवाज झाला ढिला, कावळ्याकडे शिकवणीला, जाते म्हणे आजकाल..." आणि म्हणाली, "तू पण म्हण ना, उद्या परत म्हणायचंय तुला." मला ते तोंडाने म्हणवेना. आणि म्हणवेना का, तेही सांगता येईना. दहिसरचा पूल येईपर्यंत कशीबशी गप्प बसले. पुढे नाही जमलं.

क्षमाने रिक्षा थांबवायला लावली. फुटपाथवर उतरून उभी राहिली. पहिलं काय बोलली? "मला नाही सांगितलं. तुला सांगितलं."

मी म्हटलं, तू फक्त हलक्या हाताने घे. आणि तुला माहीत आहे असं अजिबात दाखवू नकोस. ती म्हणाली, "बघते मी. तू गप्प राहा आता."

माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या चाळीला माहीत आहे. अक्षतालाही माहीत आहे. तरी तिने मलाच का सांगितलं? आणि मी तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली होती – गळ्याला! नुसतं आठवलं तरी बोटं गरम होतात.

चांगल्यासाठीच सांगितलं. चांगल्यासाठीच ना?

सोमवार, १० फेब्रुवारी

शाळेत गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. दुखतंयच.

कालचं सगळं लिहून काढते. सांगायला कोणी उरलं नाही.

सहाची वेळ, पण पाचलाच मांडव भरला. दहिसर, मुलुंड, भांडुप, सगळीकडचे भजनवाले आलेले. जान्हवी डोळे विस्फारून बघत होती, म्हणाली, "एवढे लोक तर ओपनिंगलाही नव्हते!" आमचं मंडळ डावीकडे, अक्षताचं उजवीकडे. मी दुसऱ्या ओळीत, बरोबर तिच्या समोर. तिने माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला. मी झांजेची दोरी घट्ट करत बसले.

पहिली पाळी क्षमाची. क्षमाची पट्टी काळी चार, सोळा वर्षं तीच. आणि काल तिने पेटीवर सूर धरला तो पांढरी चार! तीन घरं खाली. आमच्या पखवाजवाल्याला सकाळीच सांगून ठेवलं असणार, त्याने आधीच उतरवून आणला होता. मला कळलं ती काय करतेय – आपण खाली गायलं की अक्षताला वर चढावं लागणार नाही. पण ते मला कळलं तर समोर बसलेल्या बुवाला कळणार नाही का?

अभंग झाला, गौळण झाली. क्षमाचा चढा आवाज ऐकायला आलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. अक्षताही खालीच गायली, सांभाळून, आणि छान गायली. हिच्या गळ्यात काही आहे असं कोणी म्हटलं नसतं. एवढ्यावर निभावलं असतं. क्षमाने गजरात दोन टोले हाणले असते, अक्षताने घागर काढली असती, लोकांनी टाळ्या दिल्या असत्या आणि सगळ्या घरी गेलो असतो.

क्षमाने गजर धरला. लोक सावरून बसले. आणि ती गायली –

"अक्षताबुवांचा गळा गोड, त्याला नाही कुठेच तोड!"

आणि थांबली. कोरससाठी.

माझे हात चालू होते. बाजूच्या बायकांना काही समजेना, पण कोरस म्हणजे कोरस, त्यांनी म्हटलं. मीही म्हटलं. बुवाने दिलेली ओळ परत म्हणायचीच असते. मोठ्याने म्हटलं. अक्षताकडे बघत म्हटलं. दुसरीकडे कुठे बघणार, ती समोरच होती.

डबलबारीत कोणी समोरच्या बुवाची स्तुती करत नाही. आजाऱ्याची करतात, गेलेल्याची करतात.

क्षमाने अजून दोन ओळी म्हटल्या, एकीत "आई शारदा हिला सांभाळो" असं काहीतरी होतं, आणि तिथे तिचाच आवाज कापला. मागून एक म्हातारा ओरडला – "काय गो ह्या? ठरवन इलात काय?" हशा झाला. दुसरा म्हणाला, "सेटिंग आसा ह्येंची!" कोणीतरी शिट्टी मारली.

अक्षता क्षमाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागावलेली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, घराला कुलूप लावलं की नाही हे आठवताना माणूस बघतो तशी.

मग तिने गळ्यातला स्कार्फ काढला, घडी घालून पेटीवर ठेवला. तिच्या पखवाजवाल्या बाळादादांकडे वळून म्हणाली, "काळी पाच." ते म्हणाले, अगो, लावलेला नाय तो. ती म्हणाली, "मग चढवा."

अख्ख्या मांडवासमोर ते हातोडीने ठोकत पखवाज चढवत होते. ठक, ठक, ठक. दोन-तीन मिनिटं गेली असतील. एवढ्या वेळात मी उठून जाऊन तिचा हात धरू शकले असते. "नको अक्षता" एवढंच म्हणायचं होतं. क्षमा पेटीवर मान घालून बसली होती. मी झांज मांडीवर धरून बसले होते. दोन मंडळांच्या मध्ये चार हात जागा असते. बारी चालू असताना ती ओलांडायची नसते.

तिने सूर लावला. तो आवाज! दहिसरची माणसंसुद्धा "व्वा बुवा" म्हणाली. उत्तर म्हणून तिच्याजवळ तेवढंच तयार होतं, ते तिने म्हटलं. "उतरले मी खाली म्हणून हसू नको गं बाई" – काळी पाचमधून! तिच्या आवाजावर कोणी हसलं नव्हतंच. कोणाला त्याचा संदर्भच लागला नाही. तिच्या कोरसने म्हटलं. दुसरी ओळ, विहिरीची, अजून वर नेली. तिच्या कोरसने म्हटलं.

तिसरी आली नाही.

तोंड उघडं होतं, त्या चित्रातल्यासारखं. हवा बाहेर आली, आवाज नाही आला. तिने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा नाही. बाळादादा ठेका देत राहिले, आता येईल, मग येईल. तिच्या मागच्या बायका ओळीची वाट बघत बसल्या. त्या तरी काय करणार, त्यांना ती ओळ माहीतच नव्हती. वही तिने मला दाखवली होती.

अख्ख्या मांडवात ती ओळ फक्त मला येत होती. भरली घागर घेऊन बघ कशी मी वर येई. जिभेवर होती. पण मी समोरच्या मंडळाची, आणि माझ्याआधी ती कोणी म्हटलेली नव्हती. झाली हिंमत? नाही झाली.

तिने हात जोडले, पेटी मिटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गजर संपला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

क्षमा येऊन भांडून गेली. "तूच म्हणालीस हलक्या हाताने घे!" मी म्हटलं, स्तुती कर असं कुठे म्हटलं होतं? ती म्हणाली, "मग काय करणार होते मी? कोकिळा-कावळा म्हणणार होते, हे माहीत झाल्यावर? तुला जमलं असतं?" नसतं जमलं. मग ती रडायला लागली. मीही. माझा नवरा देवेश आतून चहा घेऊन आला, कप ठेवले आणि परत आत गेला.

क्षमा म्हणते, दोष माझा. खरंय. मग म्हणते, नाही, माझाच. तेही खरंय. दोष असा वाटून घेऊन काय होणार? अक्षता दोघींचे फोन उचलत नाही. उचलून तरी बोलणार कशी?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. तिचा नवरा सौरभ, त्याला फोन केला. तो चांगला बोलला, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. गाठ साधी दिसतेय, पण तपासायला पाठवलीय. पण रविवारच्या जोराने आत रक्त साकळलं होतं, स्वरतंतू चिरलाय. दहा दिवस अवाक्षर काढायचं नाही. बोलणं येईल. गाण्याचं डॉक्टर आत्ता काही सांगत नाहीत.

मी विचारलं, भेटायला येऊ? तो म्हणाला, "तिला विचारतो." फोन धरूनच विचारलं, तिने मान हलवली असणार. "आत्ता नको म्हणतेय, वहिनी."

रविवार, १६ फेब्रुवारी

मंडळाची तालीम होती. क्षमा आली नाही. आम्ही सात जणी झांजा घेऊन बसलो, पहिली ओळ कोणी म्हणेना. चहा पिऊन घरी आलो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

गाठ साधी निघाली. सौरभचा मेसेज. देवाला साखर ठेवली.

क्षमाला फोन केला, तिला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "मी आता गजर नाही गाणार कधी. मला कोणाला टोचणं जमायचं नाही." मी म्हटलं, असं कसं? पुढे काही सुचलं नाही मला. मला नेहमी दुसऱ्याने बोललेलंच सुचतं.

जान्हवीचाही मेसेज आलाय. "रविवारचा प्रोग्रॅम सुपरहिट! पुढच्या वर्षीसाठी दोन्ही टीम्स आत्ताच बुक करू का?"

मंगळवार, २५ फेब्रुवारी

दहा दिवस उलटून गेले. ती बोलायला लागली असेल. माझ्याशी नाही.

कपाटातून चित्र काढून बघितलं. त्याने माझं तोंड मिटलेलं काढलंय. तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

शाळेतून आले तर सौरभ शेजारी पिशवी देऊन गेला होता. आत तिची भजनाची वही. पहिल्या पानावर चिठ्ठी –

"रश्मी, तिसरी ओळ तुला येत होती. तुझे ओठ हलताना मला दिसले. आवाज काढला नाहीस. पोटात जे ठेवायचं ते ठेवलं नाहीस, आणि जे ओठांवर होतं ते गिळलंस. १३ एप्रिलला भांडुपची बारी आहे. माझ्या मंडळाकडून तू बुवा. शब्द मी लिहीन. समोर क्षमा आहे. तिला कळवलंय आणि तुलाही सांगते – हलक्या हाताने घेतलंत तर दोघींशी जन्मात बोलणार नाही."

पेटी काढली. काळी चार धरून बसलेय. दार लावलंय, घरात कोणी नाही. मी अजून वाट बघतेय, पहिली ओळ कोणीतरी म्हणेल.